तिसऱ्या पायरीवरचा चहा

पुंडलिकरावांनी हिंगणघाट आगारात एकतीस वर्षं कंडक्टरकी केली आणि त्या एकतीस वर्षांत चालत्या गाडीत एकदाही दांडी धरली नाही. हे त्यांच्या गावात, अल्लीपुरात, सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतःच सांगत असत. डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, काखेत चामड्याची पिशवी. तिसरा हात देवानं दिला नव्हता, मग दांडी धरायची कशानं? गाडी खड्ड्यातून जावो, ड्रायव्हर म्हशीसाठी करकचून ब्रेक मारो, माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळत आणि पुंडलिकराव मधल्या वाटेत वावरातल्या खुंटासारखे उभे राहून म्हणत, "दांडी धरा, दांडी. ते काय वाळवनं घालाले लावली आहे का?"

गिरडच्या यात्रेच्या जादा गाड्यांची गोष्ट तर ते अजून रंगवून सांगत. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, टपावर माणसं, आणि ते पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत तिकिटं फाडत जायचे. "कोनाच्या पायावर पाय देल्ला नाई आन कोनाचा खांदा धरला नाई," असं म्हणून ते ऐकणाऱ्याकडे बघत. ऐकणारा मान हलवी. उभं राहणं ही काही मोठी कला नाही, पण एखाद्या माणसापाशी तेवढीच एक असली तर ती जपावी लागते.

निवृत्तीनंतर त्यांनी गावात स्लॅबचं घर बांधलं. खाली दोन खोल्या आणि सैपाकघर. वर एकच खोली, ती त्यांची. तिथं एक खाट, एक कुलर, भिंतीला खिळ्यावर टांगलेला जुना चिमटा (आगारातल्या सोबत्यांनी निरोपाला दिला होता, स्प्रिंग गेलेला, तरी कटकट वाजायचा) आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. दुपारच्या चहाच्या वेळची हिंगणघाटची गाडी वळणावर दिसली की ते मनगट वळवून घड्याळ बघत आणि रिकाम्या खोलीला सांगत, "सात मिनटं लेट." गाडी वेळेवर आली तर त्यांना किंचित वाईटच वाटे.

जिना बाहेरून, पश्चिमेच्या भिंतीला लागून होता. नऊ पायऱ्या सरळ, मग एक चौक, तिथून घराच्या कोपऱ्याला वळसा घालून आणखी आठ. चढताना उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला मोकळी हवा. कठडा नंतर लावू म्हणून राहिला होता. कठड्यासाठी सोडलेल्या सळया पायऱ्यांच्या कडेनं अकरा वर्षं गुडघाभर उभ्या होत्या. खालच्या दोन सळयांना प्रमिलाबाई लसणाच्या जुड्या टांगत. त्याच्या वरच्या सळयांना काहीच टांगलेलं नसे, आणि याचा विचार पुंडलिकरावांनी कधी केला नव्हता.

प्रमिलाबाई म्हणजे त्यांची बायको. अंगानं बुटकी, बोलण्यात उंच. रोज सकाळी आणि दुपारी त्या चहाचा कप जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवत, वर झाकण म्हणून बशी, आणि खालूनच हाक देत, "अजी, चहा ठेवला. थंडा झाला तं मले सांगू नका."

पुंडलिकराव उतरून तो घेऊन जात. बायको हट्टी आहे, नवऱ्यानं खाली यावं म्हणून तिसऱ्या पायरीवर अडून बसते, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हट्टाला हट्ट म्हणून तेही तिथं उभं राहून पीत नसत. भरला कप घेऊन चौदा पायऱ्या वर चढत.

होळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी ते रिकामा कप घेऊन उतरत होते. चौकाजवळच्या वळणावर त्यांनी डावा पाय टाकला. पाय होता, पायरीही होती, पण दोघांची भेट अर्ध्या क्षणानं चुकली. कप सुटला आणि खालपर्यंत एकेका पायरीला निरोप देत गेला. पुंडलिकराव भिंतीला पाठ लावून थोडा वेळ आभाळ बघत राहिले. आभाळात काही नव्हतं.

"मांजर आलती मंधात," खाली आल्यावर ते म्हणाले.

प्रमिलाबाई सुपात तुकडे गोळा करत होत्या. "कोनती मांजर?"

"पिवळी."

"पिवळी तं संक्रांतीपासून गावात दिसली नाई."

"मंग दुसरी असन."

"असन," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मांजराइचं काय, त्यायले चार पाय. एक चुकला तं तीन राह्यते."

त्या दुपारी त्यांनी वर्ध्याला मुलाला फोन लावला. योगेंद्र तिथं हायस्कुलात मास्तर होता. फोनवर काय बोलणं झालं ते पुंडलिकरावांना ऐकू आलं नाही, पण रात्रीच्या जेवणात भाकरीबरोबर निकालही वाढला गेला.

"पाडव्यापावतर जिन्याले रेलिंग लागली पाह्यजे. नाई लागली तं तुमची खाट खाली येईन. टीव्हीच्या खोलीत."

"मले काय झालं आहे?"

"काई नाई झालं. म्हनूनच म्हनून राह्यली."

पुंडलिकराव भाकरी कुस्करत राहिले. गावात त्यांनी पाहिलं होतं, वरून खाली आलेली खाट पुन्हा वर जात नाही. आधी खाट येते, मग औषधांची टोपली येते, मग माणूस दाराकडे तोंड करून बसायला लागतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारतो. त्यांना खिडकी हवी होती, रस्ता हवा होता, गाडी हवी होती. पण रेलिंग लावावी तर रोज सकाळी सगळ्या गल्लीसमोर ती धरून उतरावं लागणार. एकतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांना दांडी धरायला लावली, त्याला दांडी धरलेलं गाव बघणार. डाव्या पायाचं तर त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

त्यांनी एक मार्ग काढला. रेलिंगला नाही म्हणायचंच नाही. फक्त कोणतीही रेलिंग पसंत करायची नाही.

रविवारी योगेंद्र आला, खिशात टेप आणि मोबाइलमध्ये सतरा फोटो घेऊन. फोटो सूनबाईनं, प्रेरणानं, निवडून पाठवले होते. काचेच्या रेलिंग, वेलबुट्टीच्या रेलिंग, एकीच्या आतून निळा उजेड येत होता.

"हे कोनाचं घर आहे?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"कोनाचं नाई बाबा. नमुना आहे."

"मंग बरं. मले वाटलं, दवाखाना होय."

दुपारी दोघं वर्ध्याच्या एका दुकानात गेले. दुकान थंडगार होतं. मधोमध दाखवण्यासाठी पाच पायऱ्यांचा जिना बांधला होता, दोन्ही बाजूंनी चकचकीत स्टीलचे पाइप, आणि पाचव्या पायरीनंतर सरळ भिंत. पुंडलिकराव हात मागे बांधून तो चढले, भिंतीपाशी थांबले, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि हात मागेच ठेवून उतरले.

"हा कुठं जाते?"

"कुठं नाई काका," दुकानदार म्हणाला. "दाखवाले आहे."

"कुठं जाचंच नाई तं पडन कोन? रेलिंग कायले लावली?"

दुकानदार योगेंद्रकडे बघून हसला. योगेंद्र हसला नाही, त्याला बापाचा स्वभाव माहीत होता. मग पुंडलिकरावांनी स्टीलचा हातभर तुकडा मागितला, तो बाहेर फुटपाथवर उन्हात ठेवला आणि शेजारच्या टपरीवर सगळ्यांसाठी चहा सांगितला. चहा आला, पिऊन झाला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या.

"आता उचल तो," ते मुलाला म्हणाले.

योगेंद्रनं उचलला आणि लगेच टाकला. पाइप फुटपाथवर टणटणत गटारापर्यंत गेला.

"आपला जिना पश्चिमेकडचा आहे, बापू. हा तं चैत्रबी नोहे अजून. मे महिन्यात तुई माय त्याच्यावर पोया शेकन."

ते जिंकून घरी आले. बसमध्ये येताना जागा मिळाली, तरी अर्धा रस्ता ते उभेच राहिले. सीटला कंबर टेकून, हात मोकळे, आणि शेजारच्या पोराटोरांना दिसेल असे.

प्रमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पसंत नाई पडली."

"ते धराच्या लायकीचीच नाई."

"बरं. मंग खाट?"

पाडवा नऊ दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी आले. त्यांना कुणी बोलावलं हे विचारायची गरज नव्हती. नत्थूजींचं वेल्डिंगचं दुकान बसस्टँडजवळ होतं. ट्रॉलीच्या बाजूचे पत्र्याचे फाळके, कुलरचे स्टँड, वावराची फाटकं, सगळं तेच करत. वयानं पुंडलिकरावांच्याच जोडीचे, भुवया ठिणग्यांनी अर्ध्या जळालेल्या, बोलणं कमी. त्यांची कामाची एक पद्धत होती. ते टेप आधी काढत नसत. आधी घरच्यांना चढायला-उतरायला लावत आणि खाली विडी ओढत बसत. "जिना कुठं धराचा ते जिन्याले माईत असते," म्हणत, "मालकाले नसते."

या वेळी मात्र त्यांनी आल्याबरोबर पिशवीतून गेरूची पुरचुंडी काढली आणि चिंधीनं जिन्याच्या सगळ्या भिंतीला, गुडघ्यापासून छातीपर्यंत, कोरडा गेरू पुसायला घेतला.

"हे काय जी?" पुंडलिकराव ओरडले. "दिवाळीत रंग मारला आहे."

"धुतला की जाते. भिंतीले पोट आलं आहे का पाहा लागते. पाइप टेकला पाह्यजे ना सारका."

पोटाचं ऐकून पुंडलिकराव बाजूला झाले. गेरू लावून झाल्यावर नत्थूजी ओट्यावर टेकले. प्रमिलाबाई दारात गहू निवडायला बसल्या, जिथून जिना दिसत नाही अशा जागी, पण मान वाकडी करून.

"आता चढा, कंडक्टरसाहेब."

"नुसता?"

"नुसता कायले? ड्युटीवर असल्यावानी चढा. आमी तुमाले तसंच पाह्यलं आहे."

हे बोलणं पुंडलिकरावांना लागू पडलं. ते वर जाऊन चिमटा घेऊन आले, ट्रेच्या जागी प्रमिलाबाईंची स्टीलची ताटली घेतली, आणि खालच्या पायरीवर उभं राहून अंग झाडलं. मग निघाले. डाव्या हातात ताटली, उजव्या हातात चिमटा कटकट, कटकट.

"बोला, कुठं? अल्लीपूर, अल्लीपूर. सुट्टे द्या. ओ बाई, लेकरू मांडीवर घ्या. अंदर सरका, अंदर गाडी रिकामी आहे."

रस्त्यावरून दूध घेऊन चाललेला एक जण थांबला. समोरच्या ओट्यावरच्या सुलोचनाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पुंडलिकराव चौकात वळले, आठ पायऱ्या चढले, वरून एक नजर गल्लीवर टाकली, आणि पुन्हा तसेच उतरले. कटकट, कटकट. खालच्या पायरीवर येऊन त्यांनी जिभेनंच टण केलं, गाडी थांबवल्यासारखं.

"पाह्यलं? हात लावला कुठं?"

"नाई लावला," नत्थूजी म्हणाले. विडी विझवली. "जरा हात दाखवा."

"कोनता?"

"डावा."

पुंडलिकरावांनी डावा हात पुढे केला आणि स्वतःच आधी पाहिला. तळवा लाल होता. चार बोटं लाल, अंगठा लाल, मनगटाच्या घडीत सुद्धा लाल. ताटली कधीतरी उजव्या काखेत गेली होती, ते त्यांना आत्ता कळलं. नत्थूजींनी वर बोट दाखवलं. चौकातल्या कोपऱ्यावर, घराच्या धारेवर, पाच बोटांचा पुसट छाप होता. गेरू तिथून उडाला होता आणि खालची दिवाळीतली पिवळी भिंत दिसत होती.

पुंडलिकराव हाताकडे बघत राहिले. विनातिकीट सापडलेला माणूस तपासनिसासमोर मूठ उघडतो, तशी त्यांची मूठ उघडी होती. एकतीस वर्षांत अशा किती मुठी त्यांनी पाहिल्या होत्या. तेव्हा त्यांना वाटायचं, हे लोक खोटं बोलताहेत. आता वाटलं, काहींना खरंच माहीत नसेल.

दारातून आवाज आला, "मांजर असन."

नत्थूजी हसले नाहीत. ते उठून पुंडलिकरावांच्या मागं गेले आणि म्हणाले, "जरा फिरा."

पायजम्याच्या दोन्ही खिशांजवळ, कमरेवर, गेरूचे जाड पट्टे होते. उजवीकडचा चढतानाचा, डावीकडचा उतरतानाचा.

"रोज असते," प्रमिलाबाई दारातूनच म्हणाल्या. "मीच धुतो ना. दिवाळीपासून पिवळा पट्टा, त्याच्या आंधी चुन्याचा. मले काय कराचं आहे? मी इचारलं नाई."

पुंडलिकराव ओट्यावर बसले. ऊन अजून कोवळं होतं, पण त्यांना घाम आला होता. खाट त्यांच्या डोळ्यांसमोर वरून खाली येत होती, तिचे पाय चौकातल्या कोपऱ्याला अडत होते, चार जण तिला आडवी करत होते.

नत्थूजी शेजारी बसले.

"गिरडची यात्रा आठवते?" त्यांनी विचारलं. "मी त्या गाडीत होतो. उभा होतो मंधात, दीड-दोन तास. कामधंदा नव्हता, तं तुमालेच पाहत होतो. मीबी कारागीर मानूस. म्हटलं, हा पडत काऊन नाई?"

"मंग?"

"तुमी प्रत्येक सीटले कंबर लावत होते. एक सीट सोडली की दुसरी. मंधात मानूस असला तं त्याच्या पाठीले पाठ. हात रिकामे, पन बाकी सगळं धरलेलं. मले तवाच समजलं, हा मानूस कमरेनं धरते."

"मी नाई धरत होतो."

"धरत होते जी. त्याच्यात काय? मले नाकानं धरता आलं असतं तं मी नाकानं धरलं असतं." नत्थूजींनी नवी विडी काढली, पण पेटवली नाही. "लोकाइले हातानं धरता येते म्हनून ते हातानं धरते. तुमाले हात कामात होते."

पुंडलिकरावांनी काखेतली ताटली काढून ओट्यावर ठेवली. आपण ज्याच्यावर आयुष्यभर फुशारकी मारली ते खोटं होतं, असं कुणी सांगितलं तर माणूस चिडतो. पण नत्थूजींनी ते खोटं म्हटलंच नव्हतं. फक्त त्याची जागा सांगितली होती, कारागीर सांध्याची जागा सांगतो तशी. आणि खरं म्हणजे त्यांना ते सीटचे कोपरे आठवत होते. रेक्झिनच्या खाली लोखंड, मांडीच्या वर दोन बोटं, पावसाळ्यात गार. इतकी वर्षं ते अंगाला ओळखीचे होते आणि कधी मनात आले नव्हते.

"मंग लाव," ते म्हणाले. "पन कमरेले. हाताले नको."

"तेच तं माप घेऊन राह्यलो," नत्थूजी म्हणाले, आणि आता कुठं त्यांनी टेप काढला.

काम चार दिवस चाललं. मोकळ्या बाजूच्या सळयांना जोडून साधा उभ्या गजांचा कठडा, तो योगेंद्रच्या समाधानासाठी. खरं काम भिंतीच्या बाजूचं होतं. लोखंडी पाइप, वर सागाची गोलसर केलेली पट्टी, उन्हात भाजू नये म्हणून. गेरूच्या पट्ट्यांवर ओळंबा धरून नत्थूजींनी खुणा केल्या आणि पाइप बसवला तो नेमका पुंडलिकरावांच्या कमरेच्या हाडाला लागेल असा. चौकातल्या कोपऱ्यात, बोटांचा छाप होता तिथं, एक उभा खांब, खालून वर पुरुषभर.

"हा कायले?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"दाराजवळ असते ना गाडीत. तो धराचा नसते. त्याच्याभोवती फिराचं असते."

रंगाचा प्रश्न आला. पुंडलिकरावांनी करडा सांगितला. नत्थूजींच्या दुकानात ट्रॉलीचा लाल उरला होता. लाल म्हटल्यावर पुंडलिकरावांनी आढेवेढे घेतले नाहीत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी योगेंद्र आणि प्रेरणा आले. योगेंद्रनं जिन्यावर एक नजर टाकली, खिशातला टेप काढला, पाइपाला लावला आणि कपाळावर हात मारला.

"नत्थूकाका, हे चुकलं. भिंतीकडची अडीच फुटांवर लावली. किती खाली आहे. तीन फूट तरी पाह्यजे. मानसाचा हात इथं येते का?"

"येते," नत्थूजी म्हणाले.

"कोनाचा? माहा पाहा ना." बापापेक्षा वीतभर उंच असलेल्या योगेंद्रनं हात सरळ सोडला. पाइप त्याच्या मनगटाखाली राहिला. "वाकून चढाचं का? बाबा, तुमी कसं काय हो म्हटलं?"

"मी कुठं हातानं धरतो," पुंडलिकराव म्हणाले. "मी टेकतो." आणि त्यांनी चढून दाखवलं. कंबर पाइपावर सरकत होती, डावा हात मोकळा, उजवा मोकळा. चौकात आल्यावर खांबाला कोपर लावून ते गर्रकन फिरले. इतके सहज फिरले की त्यांचं त्यांनाच हसू आलं. प्रेरणानं त्याचा व्हिडिओ काढला.

योगेंद्र पटला नाही. "कापून वर घ्या, काका. आजच होईन. पाहुनेरावळे भिंतीनं चढते, त्यायनं काय धरावं? एका मानसाच्या कमरेसाठी का जिना बांधते कोनी?"

नत्थूजींनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी चौकातून खाली पाहिलं. मुलगा बरोबर बोलत होता. रेलिंग सगळ्यांसाठी असते, बसमधल्या दांडीसारखी, कंडक्टरच्या कमरेसाठी कुणी दांडी लावत नाही. वर घेतली तर ती हातात धरावी लागेल. धरू. आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं, सगळ्या गल्लीनं लाल हात पाहिला होता. "घे वर," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात त्यांना प्रमिलाबाई दिसल्या.

त्या दुपारचा चहा घेऊन आल्या होत्या. कप, वर बशी. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तिसरीवर त्या रोजच्यासारख्या वाकल्या, कप ठेवायला. मग ठेवला नाही. सरळ झाल्या. डाव्या हातात कप होता. उजवा हात त्यांनी बाजूला नेला आणि तो पाइपावर पडला. वर उचलावा लागला नाही, खाली सोडावा लागला नाही. पुंडलिकरावांची कंबर जिथं येते तिथं प्रमिलाबाईंचा हात येत होता, कोपर जरासं वाकवून, जणू कुणी माप घेऊन लावलं होतं.

चौथी. पाचवी. प्रेरणानं मोबाइल खाली घेतला. सहाव्या पायरीवर प्रमिलाबाई थांबल्या, खाली पाहिलं, मग पाइपाकडे पाहिलं आणि पुन्हा निघाल्या. प्रत्येक पायरीवर त्या दोन्ही पाय टेकवत होत्या, नव्या सुना नाकातली नथ सांभाळत चालतात तशा. नववी संपून त्या चौकात आल्या. खांबाला हात घातला आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. कपातला बराचसा चहा बशीखालून ओघळून त्यांच्या बोटांवर आला होता.

"घ्या," त्या म्हणाल्या. "थंडा झाला असन."

पुंडलिकरावांनी कप घेतला. "तू वर काऊन नव्हती येत?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षांनंतर विचारताना तो प्रश्न फार लहान वाटला.

"तिसरीपावतर खिडकीचा गज पुरते जी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पुढं काय धराचं होतं? लसून?"

खाली सैपाकघराच्या खिडकीचा गज तिसऱ्या पायरीच्या बाजूला संपत होता. पुंडलिकरावांनी तो पाहिला. अकरा वर्षं तो तिथंच होता.

"सांगाचं ना मंग."

"तुमाले? तुमी म्हटलं असतं, मी एकतीस वर्सं दांडी धरली नाई."

खाली नत्थूजी खोकले. योगेंद्रनं टेप गुंडाळून खिशात टाकला. कापायचं त्यानं पुन्हा काढलं नाही. उलट नत्थूजींना विचारलं, "तुमी आईचं माप घेतलतं का?"

"नाई बापा," नत्थूजी म्हणाले. पण ते विडीकडे बघत म्हणाले, त्यामुळे कुणाला काही ठरवता आलं नाही.

उरलेल्या आठ पायऱ्या प्रमिलाबाई पुढं आणि पुंडलिकराव मागं चढले. त्यांची कंबर पाइपावर, तिचा हात पाइपावर, मधे दोन पायऱ्यांचं अंतर. वर गेल्यावर प्रमिलाबाईंनी खोली पाहिली. कुलरवर धूळ होती, उशीच्या अभ्र्याचा रंग ओळखू येत नव्हता, खिळ्यावर चिमटा होता.

"व माय. इथं राहत होते का तुमी?"

"बस इथं," पुंडलिकराव म्हणाले, आणि खाटेवरचं वर्तमानपत्र सरकवलं. "आता येईन गाडी."

त्या खिडकीपाशी बसल्या. रस्ता लांबपर्यंत उन्हात पांढरा पडला होता, कडेच्या बाभळींची सावली त्याच्यावर तिरकी येत होती. पुंडलिकरावांनी बशीत उरलेला चहा तिला दिला, कपातला आपण प्यायला. तो थंडच होता, त्यांनी सांगितलं नाही.

वळणावर धूळ उठली. गाडी दिसली. पुंडलिकरावांनी मनगट वळवलं, पण प्रमिलाबाई आधी बोलल्या.

"काऊन इतकी हळू येऊन राह्यली?"

"चढ आहे तिथं. भरली असन."

"लोक उभे असन?"

"असन."

प्रमिलाबाईंनी बशी खाली ठेवली. गाडी स्टँडकडे वळेपर्यंत दोघं तिच्याकडे बघत राहिले. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि दाराकडे निघाल्या, कारण खाली पुरणाची डाळ शिजायला टाकली होती.

"उद्या सकायचा चहा वर आनून देईन," दारातून त्या म्हणाल्या. "पन एक सांगतो, उतरताना मी पुढं राहीन. तुमी मागून या. आन कंबर लावा नीट."

"मी काय..." पुंडलिकराव म्हणायला लागले.

"दांडी धरा, दांडी," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि उतरायला लागल्या.

पुंडलिकरावांनी खिळ्यावरचा चिमटा काढून दोनदा वाजवला. डबल बेल. मग ते तिच्या मागं निघाले.